ऐयरांचं घर

तरंगमबाडी, रविवार

प्रिय ताई,

सकाळी किंग स्ट्रीटवरच्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये गेलो. आराधना सगळी तमिळमध्ये. मी आपला शेवटच्या बाकावर, लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. बाहेर पडताना एका आजींनी थोडं इंग्रजी, थोडं तमिळ आणि बरेचसे हातवारे करून चौकशी केली: कुठला, बायको कुठंय, जेवायला कुठे? ‘लॉजवर’ म्हटल्यावर त्यांनी माझं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. दुपारी त्यांच्या ओसरीवर केळीचं पान, भात, मटणाचं कुळंबु, आणि भोवती तीन पिढ्या. पान रिकामं दिसू द्यायचं नाही, ही रीत आपल्या आत्यासारखीच. जावई तर मला ‘अण्णा’ म्हणायला लागला.

या मंडळींचं लुथरनपण तीनशे वर्षांहून जुनं. डेन्मार्कच्या राजाने धाडलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ हे दोन जर्मन तरुण १७०६च्या जुलैत इथे उतरले. त्सीगेनबाल्ग शाळकरी पोरांच्या रांगेत बसून वाळूत तमिळ अक्षरं गिरवायला शिकला. डॅनिश गव्हर्नरशी बिनसलं तेव्हा तुरुंगातही राहून आला. चर्च उभं राहिलं १७१८मध्ये, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, छत्तिशीत, तो गेला. पुरलाय तिथेच. त्याच्या त्या चर्चमध्ये मात्र पुढे वेल्लाळ जातीचे एकीकडे आणि दलित दुसरीकडे बसत. भाऊ म्हणायचं आणि पंगत वेगळी मांडायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तंजावर, बुधवार

ताई,

बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहिला, पण पाय रेंगाळले ते किल्ल्यातल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये. हे आता लुथरनांकडे नाही, चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. श्वार्ट्झ मात्र त्याच तरंगमबाडीच्या मिशनचा, १७५०मध्ये आलेला. पाद्र्याला इथे ‘ऐयर’ म्हणतात, म्हणून श्वार्ट्झही ऐयर.

१७८७मध्ये तुळजाजीराजांनी मरणापूर्वी लहानग्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि पोर ऐयरांच्या ओटीत घालायला निघाले. ऐयर नको म्हणाले. राजाच्या भावाकडे, अमरसिंगाकडे सोपवा, असा सल्ला त्यांनी दिला. अमरसिंग स्वतःच गादीवर बसला आणि मुलाला कोंडून ठेवलं, शिक्षण नाही की मोकळी हवा नाही. मग हाच म्हातारा कंपनी सरकारच्या मागे लागला, आणि १७९३मध्ये सरफोजी मद्रासला सुखरूप पोचले. लग्न न केलेल्या या माणसाने लोकांची मुलं किती सांभाळली! तिरुनेलवेलीकडून आणलेला वेदनायकम त्यांतलाच. पुढे मोठा तमिळ ख्रिस्ती कवी झाला, आणि सरफोजींचा आयुष्यभराचा स्नेही. (जातिभेद चर्चमध्ये राहावा म्हणून हाच कवी म्हातारपणी हिरिरीने भांडला, हेही लिहून ठेवतो.)

१७९८च्या फेब्रुवारीत ऐयर वारले, जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं: ऐयर मृत्युशय्येवर, हात राजाच्या हातात. सेंट पीटर्स चर्चमधल्या समाधीवरच्या ओळी तर राजांनी स्वतः इंग्रजीत रचल्या. बाप्तिस्मा घेतला नाही. काशीयात्रा केली, देवळं राखली, आणि ऐयरांना बापच मानलं. मला हे त्या संगमरवरापेक्षा मोठं वाटतं. शिल्पात सगळे फार नीटनेटके उभे आहेत, शोकसुद्धा इस्त्री केलेला.

उद्या तिरुचिरापल्लीला जातोय, लुथरनांचं मुख्यालय तिथे आहे. उतरायचं लॉजवर असं ठरवलं होतं, पण आजींनी भाचीला फोन केलाय, आणि रविवारची आराधना झाल्याशिवाय हलायचं नाही असा तिचा निरोप आलाय. तेव्हा माझं परतीचं तिकीट पुढे ढकलायला सांग.

तुझा,
बंड्या