रिक्षाच्या मागच्या टायरचा हिशेब

रिक्षाचा मागचा टायर बदलण्याचा खर्च चार भागांत मोजावा लागतो: टायरची किंमत, ट्यूब, बसवण्याची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेली भाडी. पहिले तीन खिशातून रोख जातात, म्हणून लक्षात राहतात. चौथा कुठेच लिहिला जात नाही. आणि टायर पुढे किती किलोमीटर चालणार, ज्यावर सगळा हिशेब उभा आहे, ते दुकानात सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखकाने निपाणी आणि आसपासच्या गावांत प्रवासी रिक्षा चालवली आहे. पुढील विवेचन त्या अनुभवातून आलेले आहे.

रिक्षा मुळात स्कूटरच्या घराण्यातली. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये व्हेस्पा स्कूटरच्या धर्तीवर ‘एप’ ही तीनचाकी आणली. पुण्याच्या बजाज ऑटोने १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली. हँडल दुचाकीसारखेच राहिले, पण वजन सगळे मागे गेले. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या सीटवरचे प्रवासी आणि त्यांचे सामान हा भार मागच्या दोन चाकांवर पडतो. गाडीला ढकलतातही तीच दोन चाके. त्यामुळे पुढचा टायर धडधाकट असतानाच मागच्यांचा गोटा झालेला असतो.

टायरचे माप त्याच्या बाजूवर कोरलेले असते. लहान प्रवासी रिक्षांना बहुधा ४.००-८ हे माप लागते, म्हणजे रुंदी चार इंच आणि रिमचा व्यास आठ इंच. मालवाहू तीनचाकींना ४.५०-१० माप प्रचलित आहे. तिन्ही चाकांचे आणि स्टेपनीचे माप एकच असल्याने कोणतेही चाक कुठेही बसते, ही या गाडीची मोठी सोय. परदेशात हौसेने चालवल्या जाणाऱ्या तीनचाकी मोटारसायकलींना ही सोय नाही. कॅन-ॲम स्पायडरला मागे एकच रुंद टायर असतो, त्याचे माप २२५/५० आर १५. पुढच्या दोन चाकांचे माप वेगळे. तिथे मागचा टायर ही खास मागवण्याची वस्तू ठरते. रिक्षाचा टायर निपाणीत हमरस्त्यावरच्या दुकानात खुंटीला टांगलेला असतो.

मापाशेजारी प्लाय रेटिंग लिहिलेले असते. रिक्षाचे बहुतेक टायर नायलॉनच्या धाग्यांचे तिरपे थर एकमेकांवर बसवून केलेले असतात आणि हा आकडा त्यांची भार पेलण्याची ताकद सांगतो. आकडा मोठा तसा टायर दणकट आणि किंमत चढी. नामांकित कंपनीच्या ४.००-८ टायरला निपाणी-बेळगावच्या बाजारात अलीकडे साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. ट्यूबचे तीनशे-चारशे वेगळे. काही नव्या गाड्यांना ट्यूबलेस टायर येतात, तिथे ट्यूबचा खर्च वाचतो. टायरवर आयएसआय चिन्ह आहे की नाही ते पाहावे. चार आकडी शिक्काही वाचावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात उन्हाच्या बाजूला वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवाकोरा दिसतो, पण त्याचे रबर कडक होऊन गेलेले असते.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात टायर कुठून घ्यायचा हाही हिशेबाचा भाग आहे. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. पूर्वी दोन्ही राज्यांचा विक्रीकर वेगवेगळा असल्याने अलीकडच्या आणि पलीकडच्या भावाची तुलना करण्यात अर्थ होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि महाराष्ट्रातले कागल असो की कर्नाटकातले निपाणी, नव्या टायरवर सारखाच २८ टक्के कर बसू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत १४०० रुपये धरली, तर आधी १७९२ रुपयांना पडणारा टायर आता १६५२ रुपयांना पडतो. पेट्रोल-डिझेल या कराबाहेर आहे, म्हणून इंधनाच्या भावात फरक राहतो. टायरच्या भावात आता फक्त दुकानदाराच्या सवलतीचा फरक उरतो. प्रवासी रिक्षाला परवान्याबाहेर, दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. मग चाक काढून पोत्यात घालून बसने कोल्हापूरला न्यायचे. तिकिटाचे पैसे आणि गेलेला दिवस वजा केला की सवलत संपलेली असते. शिवाय टायरमध्ये कारखान्याचा दोष निघाला, तर पावती घेऊन विक्रेत्याकडे पुन्हा जावे लागते. जवळच्या दुकानातली पक्की पावती तेव्हा कामी येते.

टायर कधी बदलावा याची कायदेशीर मर्यादा ठरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. इतर वाहनांना ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूला भेग पडली, फुगा आला किंवा आतले धागे दिसू लागले, तर खाचा शिल्लक असूनही टायर काढावा. भाड्याच्या गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो. तेव्हा टायर तपासले जातात, म्हणून कित्येक जण फिटनेसपर्यंत ढकलत राहतात. हे धोक्याचे आहे, कारण गुळगुळीत टायर पावसात ब्रेक ऐकत नाही आणि बेळगावकडचा पाऊस मुबलक.

या भागात झीज लवकर होण्याची कारणेही इथलीच आहेत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटून आलेला काळ्या मातीचा चिखल आणि खडी डांबरी रस्त्यावर पसरते. महामार्गाच्या रुंदीकरणात सेवारस्त्यांवर खडी उघडी पडते. अक्कोळ किंवा मुरगूडच्या दिशेने वडाप (सामायिक प्रवासी फेरी) करताना तीन सीटच्या जागी पाच-सहा जण बसतात. जादा भार आणि कमी हवा एकत्र आली की टायरच्या दोन्ही कडा खाल्ल्या जातात. हवा जास्त झाली तर मधला पट्टा आधी जातो. झिजलेल्या टायरकडे नीट पाहिले, तर चालवण्यातला दोष त्याच्यावरच वाचता येतो.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे, पण त्यात एक गोष्ट जिवाशी येऊ शकते. रिक्षाचे रिम दोन तुकड्यांचे असते आणि ते नटांनी जोडलेले असते. चाक गाडीवरून काढण्याचे नट वेगळे, रिम उघडण्याचे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले, तर दोन्ही तुकडे स्फोटासारखे उडतात. जाणता मिस्त्री चाक उतरवताच आधी व्हॉल्व्हमधली पिन काढतो आणि फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत पान्याला हात लावत नाही. मग रिम उघडून तो जुन्या टायरच्या आतून बोटे फिरवतो, कारण तिथे राहिलेला खिळ्याचा तुकडा दुसरा टायरही फोडू शकतो. रिमचा गंज घासून काढतो, ट्यूबला पावडर लावतो आणि टायरमध्ये घातल्यावर तिच्यात थोडी हवा भरतो, म्हणजे रिमचे तुकडे मिटताना ती मध्ये चिमटत नाही. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळतो. शेवटी व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब सोडून बुडबुडा येतो का ते पाहतो. या कामाला शंभर-दीडशे रुपये मजुरी द्यावी लागते आणि ती सार्थकी लागते. नव्या टायरमध्ये जुनी, ताणलेली ट्यूब घालून पैसे वाचवणे परवडत नाही. तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते.

रिमोल्ड टायर हा स्वस्त पर्याय. जुन्या टायरचे वरचे रबर खरवडून त्यावर उष्णतेने नवा थर चिकटवतात. आतला सांगाडा निरोगी असला तर तो ठीक चालतो. पण मूळ टायर किती वर्षांचा होता हे गिऱ्हाइकाला कळत नाही. लेखकाच्या थांब्यावरच्या एका रिक्षाचा उजवा रिमोल्ड टायर स्तवनिधी घाटात सुटला. वरचा पट्टा निघून मडगार्डवर आपटू लागला. प्रवासी सामानासह रस्त्याकडेला उतरले आणि दुसऱ्या गाडीने गेले. गाडी पलटली नाही, पण त्या फेरीचे भाडे आणि पुढचा अर्धा दिवस गेला.

आता किलोमीटरचा हिशेब. उदाहरणादाखल नवा टायर १७००, ट्यूब ३५० आणि मजुरी १५० मिळून २२०० रुपये धरले आणि तो २०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ११ पैसे पडतात. रिमोल्ड ९०० आणि मजुरी १५० मिळून १०५० रुपये, आणि तो ७,००० किलोमीटर चालला, तर १५ पैसे. शिवाय नव्या टायरच्या एका आयुष्यात रिमोल्ड तीनदा बदलावा लागतो, म्हणजे गाडी तीनदा उभी राहते. एका खोळंब्यात पाचशे रुपयांची भाडी बुडतात असे धरले, तर नव्याचा खर्च साडेतेरा पैसे होतो आणि रिमोल्डचा बावीस पैशांच्या वर जातो. दुसऱ्या बाजूला इंधन पाहावे. लिटरला ३० किलोमीटर आणि १०० रुपये भाव धरला, तर किलोमीटरला तीन रुपये तेहतीस पैसे लागतात. मागचे दोन्ही नवे टायर आणि खोळंबा मिळून किलोमीटरला २७ पैसे, म्हणजे इंधनाच्या बाराव्या हिश्श्याइतके. ज्या खर्चावर प्रवाशांचा जीव अवलंबून आहे तो इतका लहान असेल, तर काटकसर तिथे करू नये. हवा दर आठवड्याला तपासली, तर टायरही टिकतो आणि इंधनही वाचते.

मागचे दोन्ही टायर शक्यतो जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक झिजलेला असला, की दोघांचा घेर वेगळा होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला काम पडत राहते. एकदम दोन टायरचे पैसे नसतील, तर स्टेपनीचा चांगला टायर मागे घेऊन जोडी जुळवावी आणि काढलेल्यांतला बरा टायर स्टेपनीला ठेवावा. पुढच्या चाकाला मात्र झिजलेला टायर कधीच लावू नये, कारण गाडीची दिशा त्याच्या हाती असते. बदललेल्या दिवशी मीटरवरचे किलोमीटर पावतीच्या मागे लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला कोणता टायर स्वस्त पडला याचे उत्तर दोन्ही वेळच्या आकड्यांच्या वजाबाकीतून मिळते, आणि रिक्षाच्या भाडेदराची मागणी करताना हाच हिशेब चालकांच्या संघटनेला पुढे ठेवता येतो.