काचेवरील दहिवर

गेल्या श्रावणात आम्ही सहा जण वसईहून मोटारीने सुरतेस गेलो होतो. रांदेरकडे जाताना तापीच्या पुलावर पावसाने झोडपले, म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. पाहता पाहता समोरची काच पांढरी झाली. वडील बंधूंनी ती हाताने पुसली, तो अधिकच फराटे उठले. इतक्यात हातभर अंतरावर एक सायकलस्वार दिसला! ब्रेक लागला आणि बिचारा वाचला. पूल उतरताच आम्ही मोटार कडेला घेतली.

दोष काचेचा नव्हता, आमच्या श्वासांचा होता. श्वासांतील व ओल्या कपड्यांतील वाफ आत कोंडली होती. पावसाने गार झालेल्या काचेवर तिचेच पाणी झाले. वातानुकूलन यंत्राचा कोरडा झोत काचेवर सोडला, बाहेरची हवा आत घेतली, तेव्हा काच निवळली. यंत्र नसेल त्यांनी दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन बोटे उघडाव्यात. मोटारीतच रात्र काढणाऱ्यांनीही हेच करावे.

मात्र आधी काचेला आतून बोट लावून पाहावे. बोट कोरडे राहिले, तर दहिवर बाहेर आहे. तेथे वायपर चालवावा व आतील गारवा कमी करावा.

तो सायकलस्वार कोणाच्या तरी घरचा होता. काच निवळल्याखेरीज चाक हलवू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.