दुसऱ्याच्या मेजाची मांडणी

खारेपाटण हे नाव इतिहाससंशोधकांना ठाऊक आहे ते शके ९३० च्या, म्हणजे इसवी सन १००८ च्या, शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटामुळे, ज्यात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक तारवाने देवस्थानाला किती सोने द्यावे याची स्वच्छ तजवीज करून ठेवलेली आहे. इतरांना ते ठाऊक आहे मुंबई-गोवा महामार्गावरील एका थांब्यामुळे. संगणकाच्या पडद्याची मांडणी कशी असावी याविषयी गेली तीस वर्षे जगभर जो वाद चालू आहे, त्यात या गावाचे नाव कोणी घेतलेले नाही, आणि घ्यावे असे काही येथे घडलेलेही नाही. तथापि, संगणकांची दुरुस्ती व देखभाल हा व्यवसाय या बाजारपेठेत करीत असताना, आणि शुकनदीचे पाणी दुकानांत शिरण्याची चिन्हे दिसताच यंत्रे माडीवर नेऊन ठेवण्याचा पावसाळी परिपाठ पाळीत असताना, त्या वादाविषयी माझे जे मत बनत गेले ते पुण्यामुंबईच्या जाणकारांच्या मतापासून पुष्कळच निराळे आहे. कारण ते जाणकार स्वतःसाठी निवड करतात, आणि मी करतो ती बहुधा दुसऱ्यासाठी.

विंडोज वापरणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. तेथे प्रणाली आणि तिचा दर्शनी भाग ही दोन्ही एकाच कंपनीच्या हुकमाने घरात येतात आणि एकाच हुकमाने बदलतात. लिनक्सची गोष्ट वेगळी. लिनक्सने पुढे जी स्वीकारली ती एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात निर्माण झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी असा दंडक घालून घेतला, की पडद्यावर चौकटी काढण्याची आणि कळफलक-माउसचे संदेश पोचविण्याची यंत्रणा तेवढी आपण पुरवावी. परंतु चौकटीला कडा कशी असावी, ती मिटविण्याची खूण कोणत्या कोपऱ्यात असावी, मेनू वर असावा की खाली, यांविषयी आपण कोणतेही धोरण ठरवू नये. हा संयम तत्त्वतः स्तुत्यच म्हटला पाहिजे. पण वरिष्ठाने अनिर्णित ठेवलेली बाब दहा कनिष्ठ दहा प्रकारे निकालात काढतात, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव आहे, आणि ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी अशी डेस्कटॉपांची जी लांबलचक यादी आज आपल्यापुढे येते तिचे मूळ त्या एका संयमात आहे.

यांतले दोन मुख्य पक्ष कसे पडले तेही पाहण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्युबिंगेन येथे शिकणाऱ्या माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली ती याच अराजकाला विटून. प्रत्येक प्रोग्रामचा चेहरा निराळा, प्रत्येकाची रीत निराळी, आणि सामान्य माणसाला या सर्वांतून वाट काढून देणारे कोणीच नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याने आधार घेतला ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीच्या क्यूटी या सामग्रीचा. तिचा परवाना त्या काळी पूर्णपणे मुक्त नव्हता, आणि तेवढ्या कारणावरून पुढच्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. म्हणजे आज ज्या दोन पक्षांचे अनुयायी अभिरुचीच्या नावाने एकमेकांवर तुटून पडतात, त्यांची फारकत मुळात झाली ती दस्तऐवजातील शर्तींवरून. २००० साली क्यूटीला जीपीएल हा मुक्त परवाना मिळाला आणि दाव्याचे कारण संपले. पण तोवर दोघांचेही स्वभाव बनून गेले होते.

केडीईचा स्वभाव असा, की जे बदलता येण्याजोगे आहे ते बदलण्याची मुखत्यारी वापरणाऱ्याला द्यावी. ग्नोमनेही प्रारंभी पुष्कळ उदारपणा दाखविला. परंतु २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्सने सामान्य लोकांना त्यापुढे बसवून त्यांची कशी तारांबळ उडते याचा रीतसर अहवाल काढला, आणि प्रत्येक वाढीव पर्यायाची काही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हा आपल्यातल्याच हॅवॉक पेनिंग्टन यांचा युक्तिवाद ग्नोमच्या कर्त्यांनी मनावर घेतला. जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मधून पर्यायांची मोठी छाटणी झाली. पुष्कळ लोक रागावले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यासारख्या माणसानेही २००५ साली जाहीरपणे केडीई वापरण्याची शिफारस केली. मला मात्र तो ग्नोम २ फार समंजस वाटत असे. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, आणि मधल्या मोकळ्या जागेत ज्याचे त्याने काय मांडायचे ते मांडावे.

त्या मोकळ्या जागेचे महत्त्व मला ज्यांच्यामुळे उमगले ते नाना म्हणजे कणकवलीच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून. देवस्थानाचा पत्रव्यवहार, भाऊबंदकीच्या जमिनींचे उतारे, अर्जांच्या नकला, असा सगळा व्यवहार ते संगणकावर ठेवीत, आणि ठेवीत तो फोल्डरांच्या उतरंडीत नव्हे, तर थेट पडद्यावर. जुन्या कचेरीत रुमालांत बांधलेली दप्तरे फडताळावर ठराविक जागी असत आणि मोहोर न वाचताच हात नेमक्या दप्तराकडे जाई, तशी त्यांची नजर पडद्यावरच्या नेमक्या कोपऱ्याकडे जात असे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि त्यात ही मांडण्याची जागाच रद्द झाली. पडदा केवळ शोभेचा राहिला, खिडकी लहान करून खाली ठेवण्याचे बटण गेले, आणि कामे वेगवेगळ्या कार्यक्षेत्रांत विभागावीत, हवे ते नावाने शोधावे, अशी नवी शिस्त आली. पडद्यावर फाइली मांडण्याची जी सोय आत कोठेतरी सुप्त राहिली होती तीही २०१८ च्या ३.२८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. नानांच्या मुंबईकर पुतण्याने गणपतीच्या सुट्टीत हौसेने त्यांच्या यंत्रावर हा नवा अवतार चढविला, तेव्हा सर्व फाइली जागच्या जागी सुखरूप असूनही नाना माझ्याकडे आले ते घाबऱ्या आवाजात विचारीतच, ‘‘माजा दप्तर खंय गेला रे?’’

या प्रश्नाला ग्नोमच्या बाजूने उत्तर नाही असे नाही. फाइल कोठे ठेवली हे माणसाने लक्षात का ठेवावे, यंत्राने का शोधून देऊ नये, हा विचार चुकीचा नाही, आणि ज्याला पूर्वीची सवय नाही त्याला तो जाचतही नाही. येथे कोकणातलेच एक उदाहरण आठवते. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात मेमरी होती अवघी २५६ एमबी, आणि फेडोरावर आधारलेल्या प्रणालीवर शुगर नावाचा डेस्कटॉप होता, ज्यात फाइली नाहीत, फोल्डर नाहीत, एकमेकांवर पडणाऱ्या खिडक्याही नाहीत. मधोमध मुलाची आकृती, तिच्याभोवती उपक्रमांच्या चित्रांचे वर्तुळ, आणि जे काम केले ते आपोआप रोजनिशीत जमा. शेजारच्या यंत्रावर बसलेला सवंगडी पडद्यावर दिसे, आणि एकच चित्र दोघे मिळून काढू शकत. डेस्कटॉपांच्या सबंध इतिहासात मला ही सर्वांत धीट कल्पना वाटते, परंतु ती शक्य झाली ती मुलांच्या बोटांना पूर्वीचे काही ठाऊक नव्हते म्हणून. नानांच्या बोटांत तीस वर्षांची कचेरी होती.

नानांसारखी माणसे जगात पुष्कळ निघाली, हे त्यांचे भाग्य. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २ ची जुनी संहिता उचलून २०११ सालीच माटे सुरू केला (हे दक्षिण अमेरिकेतील एका पेयाचे नाव आहे, आपल्याकडील आडनावाशी त्याचा संबंध नाही), आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी ग्नोम ३ च्याच पायावर जुन्या वळणाचा सिनॅमन उभारला. ऑलिव्हिए फुर्दां याने १९९६ साली सुरू केलेला एक्सएफसीई तर या धामधुमीत जवळजवळ स्थिरच राहिला; त्याच्या ४.१२ आणि ४.१४ या दोन आवृत्त्यांमध्ये साडेचार वर्षांचे अंतर पडले, आणि लोकांनी त्याला मृतप्राय ठरविले. माझ्या व्यवसायात या मंदपणाला मोल आहे. ज्याच्या घरी मी पुन्हा सहा महिन्यांनी जाणार, त्याच्या घरी मधल्या काळात काही बदललेले नसावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

तुलना करणारे लोक मेमरीचे आकडे फार सांगतात. ते खोटे नसतात. जुन्या दोन जीबीच्या यंत्रावर ग्नोम कण्हत चालतो आणि एक्सएफसीई सुखाने चालतो हे कोणीही पाहावे. पण बारकाईने वाचविलेली ती शेदोनशे एमबी मेमरी ब्राउझर उघडून सातबाऱ्याचे पान आणि एखादा व्हिडिओ लावला की क्षणात गडप होते, आणि मग सगळे डेस्कटॉप सारखेच कण्हतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या कित्येक यंत्रांना मी डेस्कटॉप बदलण्याऐवजी एक एसएसडी आणि मेमरीची एक पट्टी बसविण्याचा सल्ला दिला, तो याच कारणाने.

त्याहून महत्त्वाची कसोटी मी ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे दोन शब्द लिहून घेतो. हा आडवा रफार मराठीचा, हिंदीला तो लागत नाही. आणि ल व श यांची वळणेही आपली निराळी. एके काळी ग्नोमची अक्षरे पँगो जुळवी आणि केडीईची क्यूटी आपल्या पद्धतीने जुळवी, त्यामुळे एकच मजकूर दोन डेस्कटॉपांवर दोन प्रकारे तुटलेला दिसे. २००४ साली रेड हॅटने लोहित हे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि पुढे दोन्ही पक्षांनी हार्फबझ हे एकच जुळणीयंत्र स्वीकारले, तेव्हा हा तंटा मिटला. टंकलेखनाचा मात्र पुरता मिटलेला नाही. इनस्क्रिप्ट शिकलेल्या माणसाला कोठेही अडचण नाही; परंतु ‘आर-ए-एम’ अशी इंग्रजी अक्षरे दाबून ‘राम’ उमटविणाऱ्याला आयबस लागतो, आणि तो ग्नोमने २०१२ सालापासून पोटात घेतला असल्यामुळे तेथे काम सुकर होते, तर एक्सऐवजी वेलँड या नव्या यंत्रणेवर चालणाऱ्या प्लाझ्माच्या सत्रात त्याची सेटिंग व्हर्च्युअल कीबोर्ड या मथळ्याखाली दडलेली असते, जेथे समोर खराखुरा कीबोर्ड असलेला कोणीही शहाणा माणूस पाहणार नाही.

आता ज्या मताचा आरंभी उल्लेख केला ते सांगतो. केडीई जाणकारांचा आणि ग्नोम नवख्यांचा, असे सर्रास म्हटले जाते. माझा अनुभव नेमका उलट आहे. खारेपाटणात ज्यांच्या यंत्रांची मी व्यवस्था लावतो त्यांच्यापैकी क्वचितच कोणी सेटिंगचे पान उघडतो. त्यांच्या लेखी डेस्कटॉप म्हणजे पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे आलेली मांडणी. बाकीच्या शक्यता अस्तित्वातच नसतात. मग केडीईच्या त्या अगणित पर्यायांचा उपयोग कोणाला? मला. येथील शाळेच्या संगणकखोलीत मुले पट्टी ओढून पडद्याच्या भलत्याच बाजूला नेऊन टाकतात आणि पुढच्या तासाच्या शिक्षिका हतबुद्ध होतात. तेथे प्लाझ्माच्या सेटिंग-फाइलीत त्या त्या कलमापुढे चौकटी कंसात डॉलरची खूण आणि आय हे अक्षर लिहिले की ते कलम गोठते, आणि पट्टी, पार्श्वचित्र, उजव्या बटणाचा मेनू, जे जे म्हणून गोठवावेसे वाटते ते ते मी एकेक करून गोठवू शकतो. ग्नोममध्येही डीकॉन्फची कुलपे आहेत, पण जो पर्याय कर्त्यांनी मुळात ठेवलाच नाही त्याला माझ्या मर्जीचे रूप कसे देणार? तात्पर्य, केडीई हा ज्याच्या पाठीमागे कोणी जाणता उभा आहे अशा नवख्यासाठी उत्तम डेस्कटॉप आहे. आणि ग्नोम हा त्याच्यासाठी, ज्याच्या पाठीमागे कोणीच नाही, ज्याला मांडणीत लक्ष घालायला ना फुरसत आहे ना हौस, आणि जो दुसऱ्याने नेमस्तपणे ठरविलेली शिस्त निमूटपणे अंगीकारू शकतो.

त्यामुळे शाळेत प्लाझ्मा आहे, नानांकडे सिनॅमन आहे, आणि माझ्या स्वतःच्या यंत्रावर ग्नोम आहे, ज्याचे नानांना अजूनही नवल वाटते. मध्यंतरी दुकानात बसले असता माझ्या मोकळ्या पडद्याकडे बघत ते म्हणाले, ‘‘आमका ह्या, आणि तुका ता, असा कसा रे?’’ मी म्हटले, ‘‘नाना, तुमच्या मागे मी आहे. माझ्या मागे कोण?’’ त्यावर त्यांनी क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि म्हणाले, ‘‘बरा, मग माझा घड्याळ तेवढा मोठा करून दी.’’ सिनॅमनमध्ये पट्टीवरचे घड्याळ मोठे करता येते. संध्याकाळी जाऊन करून दिले.