दोन पायऱ्या

सातवा ट्रेलर बघत असताना नवऱ्याची पायरी चुकली.

फार काही झालं नाही. आतल्या उंच पलंगापासून तो खाली येत होता, शेवटच्या पायरीवर पडायचा पाय हवेत गेला, त्याने कपाटाची कड धरली आणि तो सावरला. “कार्पेट सैल आहे इथलं,” तो सेल्समनला म्हणाला. सेल्समनने वाकून कार्पेट दाबून पाहिलं. ते पक्कं होतं. मी खिडकीचे पडदे न्याहाळायला लागले.

आम्ही मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो. लेक कॉलेजला गेली त्याच वर्षी नवऱ्याचा काचबिंदू कळला. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात. त्याच्या नजरेचा खालचा भाग गेला आहे. तिथे त्याला काळं दिसतं असंही नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो. म्हणजे आपल्याला दिसत नाही, हेच दिसत नाही. रात्रीची गाडी चालवणं त्याने आपणहून सोडलं. मित्रांना सांगितलं, “हल्लीचे हेडलाइट फार डोळ्यांवर येतात.”

त्यानंतर एका संध्याकाळी लॅपटॉप उघडून तो म्हणाला, “एक छोटा ट्रेलर घेऊ. दोघांपुरता. फिरू या.”

“ओढणार कोण?”

“तू,” तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला.

ऑफिस, किराणा, विमानतळ, लेकीचं हॉस्टेल, सगळीकडे मी वर्षानुवर्षं गाडी चालवली होती. पण गाडीच्या मागे कधी काही बांधलं नव्हतं.

ट्रेलरचे मुख्य प्रकार दोन, हे मला तेव्हा कळलं. पहिला साधा ट्रॅव्हल ट्रेलर. तो गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. दुसरा फिफ्थ व्हील. त्याची मान पिकअप ट्रकच्या हौद्यावर येते आणि हौद्यात, मागच्या आसाच्या वर, बसवलेल्या जाड लोखंडी हिचमध्ये त्याची पिन अडकते. उरण-पनवेल रस्त्यावर जेएनपीटीचे कंटेनर ओढणारे ट्रेलर पाहिले असतील, तर जोडणी तीच, फक्त आकार छोटा. पूर्वीच्या घोडागाड्यांत पुढचा आस वळावा म्हणून चार चाकांच्या जोडीला एक आडवं चक्र असायचं, ते पाचवं चाक. नाव तिथून आलं.

दोन्हींतला फरक मला आजोबांच्या बैलगाडीमुळे पटकन समजला. गाडीत मागे जास्त ओझं झालं की ती उलाळ व्हायची, म्हणजे पुढून उचलली जायची आणि बैलांच्या मानेवरचं जू वर यायचं. आजोबा दोन पोती पुढे सरकवायचे. ट्रेलरचंही तेच. पुढे पुरेसा भार नसेल तर तो हायवेवर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही झुलवतो. साध्या ट्रेलरचा जोड मागच्या चाकांच्याही मागे असतो. बाजूने मोठा ट्रक गेला की त्या वाऱ्याचा धक्का तरफेसारखा पुढे येतो. फिफ्थ व्हीलचा जोड चाकांच्या वर असल्यामुळे ही तरफच उरत नाही. शिवाय मागच्या खिडकीतून हिच दिसते. नवशिक्या बाईला आणखी काय हवं?

पण त्याची किंमत असते आणि ती वजनात मोजावी लागते. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार गाडीवर येतो, फिफ्थ व्हीलचा २० टक्क्यांच्या आसपास. सेल्समनने दाखवलेल्या सातव्या ट्रेलरचं भरल्यावरचं कमाल वजन होतं ७,५०० पौंड, म्हणजे साधारण ३,४०० किलो. “तुमचा ट्रक आरामात ओढेल,” तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. ओढेल. पण पेलेल का?

आमच्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल आहे. माणसं आणि सामान मिळून १,५२० पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं आहे. त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरात बसून हिशेब मांडला. पिनचा भार १,५००. हिचचा १४०. आम्ही दोघं ३१० (यात नवऱ्याने आपले पाच पौंड चोरले, मी दहा). बेरीज १,९५०. ट्रकच्या पाठीवर ४३० पौंड जास्त, आणि यात अजून एक पाण्याची बाटलीही धरलेली नव्हती. तिथल्या तिथे सातवा ट्रेलर बाद झाला. पहिले सहा का बाद झाले होते, तेही आठवेना.

मग आम्ही लहानांकडे वळलो. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात आणि त्यांतली फिफ्थ व्हील्स अवाढव्य असतात. पण फायबरग्लासची छोटी एक जात आहे. आमच्याच राज्यातल्या बॅकस या चिमुकल्या गावात स्कॅम्प १९ फुटी फिफ्थ व्हील बनवत आली आहे, कॅनडातल्या चिलिवॅकला एस्केपनेही बनवली आहेत. साच्यातून काढलेले वरचे आणि खालचे दोन अर्धे एकमेकांवर बसवून जोडतात, शेंगदाण्याच्या टरफलासारखे. छताला सांधे कमी, म्हणून गळतीची भीतीही कमी. आत दोन माणसांना पुरेल एवढीच जागा. तिसरं आलं तर पाहुणा म्हणून.

आणि तरीही पलंग वर, ट्रकवर येणाऱ्या नाकात. तिथे उभं राहता येत नाही. आणि तिथे चढायला पायऱ्या.

परतीच्या रस्त्यावर मी म्हणाले, “साधाच घेऊ. सपाट. आत पायऱ्या नकोत.”

“तुला तर झुलायची भीती वाटते.”

“वाटू दे. भार सांभाळणारी हिच मिळते. शिकेन मी.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझ्या डोळ्यांसाठी तू ट्रेलर निवडतेयस, आणि मला विचारत नाहीयेस.”

“तू कार्पेटला नावं ठेवलीस,” मी म्हणाले. “मग मी विचारायचं कोणाला?”

वर्षभर आमच्या घरात हा विषय थेंबांच्या वेळांपलीकडे गेला नव्हता. सकाळी नऊ, रात्री नऊ. त्या दिवशी हायवेवर, मी समोर बघत असल्यामुळे असेल, तो बोलला. ऑफिसच्या नव्या इमारतीत तो दोनदा पडला होता. लेकीच्या हॉस्टेलवर जिना उतरताना त्याने तिचा खांदा धरला, तो लाडाने नव्हे. आदल्या उन्हाळ्यात हॉटेलमध्ये राहिलो तेव्हा रात्री बाथरूमला जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर तो पाणीच प्यायला नव्हता.

“आणि घरी?” मी विचारलं. “तळघराचा जिना तर तू धडाधड उतरतोस.”

“तेरा पायऱ्या आहेत,” तो म्हणाला. “तिथे बघावं कुठे लागतं?”

माझ्या लक्षात आलं, आम्ही हिशेबच उलटा मांडत होतो. त्याला पायऱ्यांची अडचण नाही. अडचण आहे ती अनोळखी पायऱ्यांची. हॉटेल म्हणजे रोज रात्री नवा पलंग, नवा उंबरा, दिव्याचं बटण नव्या जागी. ट्रेलरच्या दाराबाहेर रोज वेगळं गाव असेल, पण आत त्याच पायऱ्या, त्याच उंचीच्या, तिथेच. आणि ट्रेलर जितका छोटा तितका हात कुठेही भिंतीला पोचणारा. दोघांपुरताच हवा, हा त्याचा हट्ट मला तोवर निव्वळ काटकसर वाटत होता.

आम्ही वापरलेला एक १९ फुटी घेतला. घेण्याआधी नवरा त्याच्या पायऱ्या वीसेक वेळा चढला-उतरला, शेवटी डोळे मिटून. विकणाऱ्या आजी-आजोबांनी काही विचारलं नाही. दोनच पायऱ्या होत्या. मी त्यांच्या कडांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, अंधारात चमकणाऱ्या. सामान भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं. ट्रेलर ३,४०० पौंड, पिनवर ६००. हिच आणि आम्ही धरून १,०६५. या वेळी आम्ही वजनं खरी सांगितली होती, काट्यापुढे काय चालणार? शिल्लक ४५५. त्यात कुकर, पोळपाट-लाटणं आणि माझा बिडाचा तवा बसला. पाण्याची टाकी मात्र प्रवासात रिकामीच ठेवतो. वीस गॅलन म्हणजे जवळजवळ ७५ किलो, आणखी एक माणूसच.

रिव्हर्स शिकायला मी तीन रविवार एका शाळेचं रिकामं पार्किंग वापरलं. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा, मग ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात न्यायचा. नवरा मागे उभा राहून फोनवर सांगायचा, “अजून, अजून, थांब.” त्याचं लांबचं उत्तम दिसतं. जवळचं, पायाखालचं, तेवढं माझ्याकडे.

पहिली सहल इटास्काची. तिथे तळ्यातून निघणारी मिसिसिपी नदी दगडांवरून चालत ओलांडता येते. दगड अनोळखी होते. त्याने काही न बोलता हात पुढे केला, मी धरला.

रात्री कधीतरी मला जाग आली. शेजारची जागा रिकामी होती. मी उठणार होते, पण पडून राहिले. अंधारात पट्ट्या अंधुक चमकत होत्या. खालून नळाचा आवाज आला, मग तो बंद झाला. भिंतीवरून हात सरकत आला.

“एक,” तो स्वतःशीच म्हणाला. “दोन.”

आणि पांघरुणात शिरला.