पांढरा समुद्र, काळा समुद्र आणि एक विहीर

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, बरं का! मांडवीचा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाणी तेच, रंग वाळूचा. मांडवीची कोरडी वाळू कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. काही काळे कण कसे नाचू लागतात बघा! हे लोहयुक्त कण काळ्या पाषाणाची झीज होऊन आलेले. पांढऱ्या वाळूत मात्र शिंपल्यांचा चुरा सापडतो.

शिंपला म्हणजे एक घड्याळच. जिवंतपणी त्यात कार्बन-14 नावाचा किरणोत्सारी कार्बन जमा होतो. प्राणी मेला की नवी भर थांबते आणि असलेला साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला ते मोजायचं, की वय कळतं! ही युक्ती शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांना 1960 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आजच्या भरतीरेषेच्या वर जुन्या पुळणीतले शिंपले सापडले, तर समुद्र तिथवर कधी होता याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पण साधारण 50,000 वर्षांपलीकडे हे घड्याळ बंद पडतं. त्याआधीची गोष्ट कशी कळणार? त्यासाठी किनारा सोडून सड्यावर चला. इथे विहीर खणताना आधी जांभा लागतो, मग मऊ चिकणमाती. काही ठिकाणी त्या मातीत चक्क कोळशासारखा काळा थर निघतो. हा लिग्नाइट, म्हणजे गाडली गेलेली झाडं-झुडपं. यात कार्बन-14 शिल्लकच नाही! मग शास्त्रज्ञांनी त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. परागकणाचं कवच मोठं चिवट असतं. खारफुटीचे आणि ताडामाडाच्या कुळातले पराग ओळखू आले. म्हणजे जवळपास खाडी होती, हवा उष्ण आणि दमट होती. कोणते पराग कोणत्या काळातल्या थरांत आढळतात हे ताडून पाहिलं, तेव्हा काळ ठरला मायोसीन, म्हणजे सुमारे 2 कोटी 30 लाख ते 53 लाख वर्षांपूर्वीचा!

आता बोअरवेलचं यंत्र साऱ्या थरांचा चिखल करून टाकतं. म्हणून गावात कुणी विहीर खणायला काढली, तर मोठ्या माणसांबरोबर जाऊन बघा. खणणाऱ्या काकांना विचारा, कुठला थर किती हातांवर लागला? वहीत लिहून ठेवा. एकदा का विहीर चिऱ्यांनी बांधून काढली, की ते पान मिटलंच!