छत्तीस गड आणि एक टेकडी

‘गड’ हा शब्द उच्चारला की मराठी मनासमोर प्रथम उभा राहतो तो कडा. मग तट, बुरूज, महाद्वार, पाण्याची टाकी, आणि या साऱ्यांच्या पाठीशी सह्याद्रीची काळी भिंत. शब्दांनाही आपापला भूगोल असतो, आणि आपण स्थलांतर केले तरी तो भूगोल आपल्याबरोबर येतो. भिलाईत वास्तव्य असणाऱ्या मराठी माणसाची या बाबतीत मोठी मौजेची पंचाईत होते. तो ज्या प्रदेशात राहतो त्याच्या नावातच एक ना दोन, छत्तीस गड आहेत. परंतु भोवताली पाहावे तर भाताची सपाट खाचरे, गावोगावची तळी आणि क्षितिजावर पोलादाच्या कारखान्याची धुरांडी. मग हे छत्तीस गड गेले कुठे, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्या गावी मिळण्याचा संभव अधिक, ते गाव म्हणजे रतनपूर. बिलासपूरच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, टेकड्यांच्या कुशीत विसावलेले हे गाव शतकानुशतके दक्षिण कोसलाची राजधानी होते. भिलाईहून दोन दिवसांच्या सवडीत जाऊन येण्यासारखे हे स्थळ. परंतु त्या दोन दिवसांत काळाचे जे अंतर कापावे लागते ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

रायपूर सोडून बिलासपूरच्या वाटेला लागले की नांदघाटला शिवनाथ नदी ओलांडावी लागते. हीच शिवनाथ आमच्या दुर्गजवळून वाहते. तिच्या पाण्याशी आमचा रोजचा परिचय. परंतु नांदघाटच्या पुलावर तिचे दुसरे रूप ध्यानी येते. कलचुरी राज्याच्या दोन शाखा झाल्या तेव्हा हीच नदी त्यांची सीमा ठरली होती. तिच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेस रायपूरचे अठरा. दक्षिणेकडील यादीत दुर्ग आहे, पाटण आहे, सिमगा आणि राजिम आहे. उत्तरेकडे लाफा, मातिन, केंदा, पेंड्रा अशी डोंगराळ मुलखातील नावे आहेत. पाटण हे दुर्गजवळचे साधे, सपाटीवरचे गाव. तिथे कसला आला आहे कडा, आणि कसला बुरूज? तरीही ते गड होते. कारण येथील गड म्हणजे केवळ दगडी किल्ला नव्हे. गड म्हणजे गावांचा समूह. प्रत्येक गावाचा एक प्रमुख, बारा गावांचा एक तालुका, आणि अशा सात तालुक्यांचा, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, अशी त्याची आदर्श मांडणी सांगितली जाते. प्रत्यक्षात गावांची संख्या कमीअधिक असे. परंतु कल्पना स्पष्ट आहे. आपल्याकडे मुलूख राखण्यासाठी गड बांधला जाई. येथे मुलखालाच गड म्हणत.

रतनपुरात शिरताना प्रथम भेटतात ती तळी. कुठे कमळांनी झाकलेली, कुठे घाटांच्या पायऱ्या ढासळलेली, कुठे म्हशींनी बळकावलेली. अकराव्या शतकात रत्नराजाने, म्हणजे पहिल्या रत्नदेवाने, तुम्माणहून आपली राजधानी येथे आणली. पहिल्या जाजल्लदेवाच्या शिलालेखात या नगराच्या स्थापनेचा उल्लेख आहे. त्या लेखावरील कलचुरी संवत ८६६ म्हणजे इसवी सन १११४. ती शिळा पुढे नागपूरच्या संग्रहालयात गेली. या लेखाचे आणि त्याच्या भावंडांचे साक्षेपी संपादन केले तेही एका मराठी पंडिताने. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवतातील कोरीव लेखांचा प्रचंड ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, आणि छत्तीसगडाला आपल्या मध्ययुगाचा विश्वसनीय आधार मिळाला.

गावातील किल्ला भुईकोट आहे. भोवती खंदक, आत पडझड झालेल्या वास्तू, आणि दारांवर जुन्या देवळांचे कोरीव अवशेष. येथे आल्यावर मराठी वाचकाला १७४१ साल आठवल्यावाचून राहत नाही. भास्करराम कोल्हटकर हे नाव आपण ओळखतो ते बंगालच्या स्वाऱ्यांमुळे आणि १७४४ साली अलिवर्दीखानाने केलेल्या त्याच्या घातामुळे. आपल्या इतिहासग्रंथांत रतनपूर हा त्या प्रवासातील एक मुक्काम असतो, फार तर एक ओळ. परंतु या खंदकाच्या काठावर उभे राहिले की त्या एका ओळीची दुसरी बाजू वाचता येते. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचून राज्यकारभारातून मन काढून बसला होता. त्याने प्रतिकार केलाच नाही. मराठ्यांच्या तोफांनी राजवाड्याचा एक भाग पाडला, तेव्हा एका राणीने तहाचे निशाण दाखविले आणि दरवाजे उघडले गेले. नगरावर एक लक्ष रुपयांचा दंड बसला. सुमारे सात शतकांची राजसत्ता अशी एका शोकाकुल वृद्धाच्या मौनात संपली. विजयाची कथा आणि पराभवाची कथा एकाच घटनेची असते, परंतु ती सांगणारी भाषा सहसा एक नसते. आपल्या पूर्वजांची मोहीम दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून वाचणे, हा वाचनाचा एक कठीण प्रकार आहे.

गावालगतच्या रामटेकडीवर चढताना या विचाराला वेगळे वळण मिळते. रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८च्या सुमारास येथे कारभारी म्हणून आले आणि १७८७मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरातच राहिले. नागपूरच्या माणसाला रामटेकची ओढ असणारच. बिंबाजींनी या टेकडीवर राममंदिर बांधले आणि आपले रामटेक येथे वसविले. त्यांच्या दरबारी मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नी उमाबाई सती गेल्या. पायऱ्यांच्या तोंडाशी फुले-नारळ विकणाऱ्या एका वृद्धेला मंदिर कोणाचे म्हणून विचारले, तर ती छत्तीसगढीत सहज म्हणाली, “ये मंदिर हमर राजा बिंबाजी बनवाय हे.” ‘हमर राजा’, म्हणजे आमचा राजा. त्या दोन शब्दांत बिंबाजी मराठ्यांचे उरले नव्हते. जो येऊन राहतो, येथेच मरतो, त्याला ही भूमी आपल्यात मोजते.

त्यांच्यानंतर मात्र सुभ्याचा काळ आला. नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले आणि वसुलीला ठेक्याचे रूप आले. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी छत्तीस गडांची जुनी मांडणी मोडून परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार बसविले. म्हणजे ज्या गडांच्या शोधात मराठी प्रवासी निघतो, ते कारभारातून नाहीसे झाले ते मराठी अमलातच. कोणत्याही तोफेने नव्हे, तर हिशेबाच्या वहीने. पुढे १८१८मध्ये इंग्रजी देखरेख सुरू झाली, राजधानी रायपूरला गेली आणि रतनपूर मागे पडले. नाव तेवढे टिकले. आणि २००० साली १ नोव्हेंबरला तेच नाव एका राज्याचे झाले.

दुसरा दिवस चैतुरगडचा. पालीच्या पुढे रस्ता मैकल पर्वताच्या रांगांत शिरतो. हाच जुना लाफागड, छत्तिसांपैकी एक; आणि हा मात्र आपल्या अर्थानेही गड आहे. सुमारे तीन हजार फूट उंचीचा, बहुतेक बाजूंनी उभ्या कड्यांनीच राखलेला. जिथे निसर्गाने उणीव ठेवली तेवढ्याच जागी माणसाने भिंत घातली. माथ्यावर तळी आहेत आणि महिषासुरमर्दिनीचे प्राचीन मंदिर. मेनका, हुंकरा आणि सिंहद्वार ही त्याच्या दारांची नावे. सह्याद्रीच्या गडावरून मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो, शत्रू दिसतो. येथे दिसते ते सालवृक्षांचे अफाट अरण्य. खाली गावे असतील, परंतु ती झाडांनी पदराखाली घेतलेली. तिथला गड पाहण्यासाठी आहे, हा लपण्यासाठी.

याच डोंगरांच्या पलीकडे पेंड्रा आहे. तोही छत्तिसांपैकी एक गड. तेथून १९०० साली माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. सप्रे मराठीभाषी, परंतु त्यांनी हिंदी गद्याला आपले आयुष्य दिले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांचे मासिक तीनच वर्षे चालले, तरी या प्रदेशातील पत्रकारितेचा आरंभ आजही त्याच्यापासून सांगितला जातो. भास्कररामाने या भूमीकडून एक लक्ष रुपये नेले. सप्र्यांनी तिला एक मासिक आणि तिच्या नावाशी ‘मित्र’ हा शब्द जोडून दिला. दोघेही मराठी मुलखाच्या सीमा ओलांडणारेच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विदर्भातून पोलाद कारखान्याच्या कामाला येऊन भिलाईच्या सेक्टरांमधून घरे मांडणाऱ्या कुटुंबांनीही ती ओलांडली. त्यांची नातवंडे घरी मराठी, शाळेत हिंदी आणि खेळाच्या मैदानात छत्तीसगढी बोलतात. आपण या दोहोंपैकी कोणाच्या वाटेने आलो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

दसऱ्याला सोन्याची पाने देण्याची चाल रतनपुरात बिंबाजींनी पाडली, अशी परंपरा आहे. मोडीतले कागद आज वाचणारे विरळा; सुभ्याच्या वसुलीचा आकडाही कोणाला ठाऊक नाही. पान मात्र अजून हातोहात जाते. महाराष्ट्रात आपण सोने ‘लुटतो’, कारण सीमोल्लंघन म्हणजे मोहीम, आणि मोहीम म्हणजे लूट, हा अर्थ त्या क्रियापदात रुतून बसला आहे. बिंबाजींच्या या गावी ते सोने नुसते दिले जाते; थोरांच्या हाती ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला जातो. पान तेच, दिवस तोच. सीमा ओलांडल्यावर क्रियापद तेवढे बदलले आहे.