अन्न की औषध?

शब्दांच्या संगतीत आयुष्य गेलेल्या माणसाला रोगांची नावेही थांबवून धरतात. आपल्या 'क्षय' या शब्दात झिजणे आहे. युगांडात १९८०च्या दशकात लोकांनी एड्सला 'स्लिम' म्हटले. आपल्याकडे जाहिरातींत मिरवणारे विशेषण तेथे मरणाची खूण ठरले.

मलावीतला 'चिपोंडे' हा शब्द मात्र स्वयंपाकघरातला. शेंगदाण्याचा लगदा, इतकाच त्याचा अर्थ. आंद्रे ब्रिआं या फ्रेंच आहारतज्ज्ञाने १९९६च्या सुमारास कुपोषित मुलांसाठी शेंगदाणे, दूधभुकटी, तेल, साखर व जीवनसत्त्वे एकत्र केली. चूल नको, पाणी नको; ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. पुढे हेच अन्न एचआयव्हीबाधित प्रौढांपर्यंत पोहोचले. मलावीत विषाणुरोधक औषधे नुकतीच सुरू झालेल्या कृश रुग्णांविषयीचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मका-सोयाच्या पिठापेक्षा या लगद्याने वजन अधिक वाढले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. या दुसऱ्या वाक्यापाशी मी पुनःपुन्हा येतो.

औषध लागू पडले की भूक परतते. आणि ते पाकीट उघडले जाते ते भरल्या घरात. ते रुग्णाने एकटीनेच खावे, अशी सूचना असते. समोर बसलेल्या मुलाला ती कोणत्या शब्दांत सांगायची, हे आईलाच ठरवावे लागते.